लेकरू शाळेत रमेल ना? पालकांचे आणि नव्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, एक ओटा आणि एक लिंबाचं झाड. गावातली निम्मी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. गावाला लागून बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. जून आला की तेच ते प्रश्न शाळेच्या दारात, बांधावर, आठवडी बाजारात गाठतात. काही पालकांचे असतात, काही नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांचे. २१ वर्षांच्या नोकरीत जे उमगलं ते इथे लिहिलं आहे. जिथे कायदा आहे तिथे कायदा सांगितला आहे, बाकीचं माझं मत समजा.

लेकरू पहिलीत घातलंय. आठ दिवस झाले, फाटकापाशी रडतं. परत घरी न्यावं का?

नेऊ नका, आणि ढकलूनही देऊ नका. रडतं लेकरू फाटकात सोडून गाडीला किक मारणारे बाप मी पुष्कळ पाहिलेत. आठवडाभर आई, आजी, मोठी बहीण, कुणीतरी अर्धा तास ओट्यावर बसा. आम्ही हाकलणार नाही. आजी दिसतेय म्हटल्यावर लेकरू तिच्याकडे पाठ करून खेळायला लागतं. चौथ्या दिवशी आजीलाच कंटाळा येतो.

जाताना सांगून जा. डोळा चुकवून पळालात तर उद्या दुप्पट रडणार. ‘आत्ता येते’ असं खोटं बोलू नका, ‘खिचडी खाऊन झाली की येते’ म्हणा. सहा वर्षांच्या लेकराला घड्याळ कळत नाही, खिचडी कळते.

आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. पहिलीतली बरीच लेकरं रडतात ती संडासामुळे. कुठे आहे माहीत नसतं, विचारायची लाज वाटते, कडी लावली तर उघडेल का ही भीती असते. आम्ही पहिल्या दिवशी फळ्यापेक्षा आधी नळ आणि संडास दाखवतो, कडी लावून-उघडून घेतो. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, एक उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि एक शाळा उघडताना. लोक त्याला सरकारी कार्यक्रम समजून टाळतात. चुकवू नका. लेकराने तिथे एकदा उड्या मारल्या, रंग ओळखले, चार दाणे मोजले की जूनमध्ये त्याला भिंती तरी ओळखीच्या वाटतात.

मी नवीन शिक्षक आहे. गप्पा, गाणी, ओळखी यातच वेळ घालवला तर अभ्यासक्रम कधी संपवायचा?

हा प्रश्न मीही पहिल्या वर्षी विचारला होता, तोही तावातावाने.

हिशेब करून बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचे, असं त्यात आहे. आठवड्याच्या सहा दिवसांतले दोन दिवस दांडी मारणारं लेकरू वर्षाचा तिसरा हिस्सा गमावून बसतं. तुम्ही पाठ कितीही रंगवून घ्या, ते तिथे नसतंच. आणि लेकरू दांडी का मारतं? आजारपण असतं, शेळ्या असतात, धाकटं भावंड असतं. पण बऱ्याचदा कारण इतकंच असतं की आपण नाही गेलो तरी तिथे कुणाला काही फरक पडत नाही, हे त्याला कळलेलं असतं.

माझ्या पहिल्या शाळेत मी हजेरी घ्यायची ती वहीत मान घालून. एका मुलीचं हजेरीपटावरचं नाव वेगळं होतं आणि घरचं वेगळं. मी पटावरचं पुकारायची, ती गप्प बसायची, मी गैरहजेरी मांडायची. तीन आठवडे ती समोर बसून गैरहजर होती. शेजारच्या पोरीने सांगितलं तेव्हा कळलं. त्यानंतर मी वर्गाला विचारते, ‘आज कोण दिसत नाही?’ पोरं सांगतात, का दिसत नाही तेही सांगतात, आणि मधल्या सुट्टीत दोघं जण त्याच्या घरी जाऊन बघून येतात. रोजची पाच मिनिटं जातात. त्या पाच मिनिटांनी जेवढी हजेरी वाढली तेवढी दवंडी पिटून कधी वाढली नव्हती.

शिकवणं आणि आपलेपणा ही दोन वेगळी कामं आहेत असं समजू नका. चुकलं तरी कुणी हसणार नाही याची खात्री असली तरच लेकरू मोठ्याने वाचतं. मोठ्याने वाचलं तर ते कुठे अडतंय ते तुम्हाला कळतं. गप्प लेकराची चूक सापडत नाही.

आमच्या घरात गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतात. पोरगी वर्गात तोंडच उघडत नाही. तिला मराठी येत नाही म्हणून ती मागे पडणार का?

तुमची पोरगी मुकी नाही, पाहुणी आहे. परक्या भाषेच्या घरात पाहुणा जसा हात जोडून बसतो तशी बसली आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. शिक्षणाचं माध्यम शक्य तितकं लेकराची मातृभाषा असावं, आणि शाळेत लेकराला भीती, दडपण, चिंता वाटू नये. तांड्यावरच्या लेकराला पहिल्या दिवसापासून फक्त प्रमाण मराठी ऐकवली तर या दोन्ही गोष्टी एकदमच मोडतात. मेळघाटात तर अंतर याहून मोठं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातंच नाही. गोंडी द्राविडी कुळातली. गोरमाटी निदान मराठीची लांबची बहीण तरी आहे.

मी तांड्यावरच्या आज्यांकडून शंभरेक शब्द शिकले. आईला याडी, भाकरीला बाटी, ‘तारो नाम कांई?’ म्हणजे तुझं नाव काय. माझे उच्चार ऐकून पोरं पोट धरून हसतात. हसू द्या. वर्गात बाईचं चुकतं आणि आपल्याला येतं, हा अनुभव त्या पोरांना दुसरीकडे कुठे मिळणार? भिंतीवरच्या चित्रांखाली आम्ही दोन शब्द लिहितो, एक मराठी, एक गोरमाटी, दोन्ही देवनागरीत. गावातली मराठी पोरंही ते वाचतात. पहिलीत गोष्ट आधी तिच्या भाषेत सांगून घेतो, मग मराठीत. दिवाळीपर्यंत बहुतेक पोरी बोलत्या होतात. काहींना संक्रांत लागते. तुम्ही घरी मराठी बोलायचा आटापिटा करू नका. घरात भरपूर बोला, तुमच्या बोलीत बोला, तेवढं पुरे.

आम्ही दसरा झाला की ऊसतोडीला निघतो. पोराचा दाखला काढून न्यावा का?

दाखला काढू नका. दाखला निघाला की नाव पटावरून निघतं, आणि पटावरून निघालेलं नाव परत यायला कधीकधी दोन वर्षं घेतं. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट, पोराला गावातच ठेवायचं. आजी-आजोबा किंवा चुलते असतील तर हंगामी वसतिगृहात त्याचं नाव घाला. सहा महिन्यांची सोय असते. शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते, सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची आणि अभ्यासाची व्यवस्था होते. पण नावं आधी कळवावी लागतात. ट्रॅक्टर दारात उभा राहिल्यावर नव्हे, मुकादमाकडून उचल घेतली त्याच आठवड्यात येऊन सांगा. मोठ्या पोरीबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते: तिला आजीजवळ ठेवता म्हणजे आजीचा स्वयंपाक तिच्यावर टाकता का, ते आधी घरात ठरवा. वसतिगृहात नाव आणि पोरगी चुलीपुढे, असं झालेलं मी पाहिलं आहे.

दुसरी वाट, पोराला बरोबर न्यायचं. मग निघण्याआधी आमच्याकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा. पोरगं कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येतं, हे त्यावर असतं. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवा. तिथल्या शाळेने दाखला मागून परत पाठवलं तर सांगा की कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, ते चौदावं कलम. आकडे लक्षात राहत नसतील तर आम्हाला फोन लावून द्या. तिथल्या सरांशी मी बोलेन, बोललेही आहे.

पूर्वी कारखान्यांच्या आसपास साखरशाळा चालायच्या. कायदा आल्यानंतर भर जवळच्या नेहमीच्या शाळेत नाव घालण्यावर आहे. कागदावर हे बरं दिसतं. प्रत्यक्षात कोपीपासून, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीपासून, शाळा दोन-तीन किलोमीटर असते, आई-बाप पहाटे फडात गेलेले असतात, आणि कोपीत सहा महिन्यांचं तान्हं असतं. ते सांभाळायला दुसरीतलं पोरगंच असतं. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एक सांगते, तुमच्या टोळीत दहा-बारा लेकरं असतील तर ती एकत्र पाठवा. एकटं लेकरू परक्या शाळेत टिकत नाही, पाच जणांचा घोळका टिकतो.

मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, परतणाऱ्या मुलांना वर्गात कसं सामावून घ्यायचं? (एका शिक्षिकेचा प्रश्न)

त्यांची जागा रिकामी ठेवा. अक्षरशः. आमच्या वर्गात गेलेल्या मुलांच्या पट्ट्या कुणी उचलत नाही, भिंतीवरच्या नावाच्या पाट्याही काढत नाही. महिन्यातून एकदा वर्ग मिळून त्यांना फोन करतो. मुकादमाचा किंवा वडिलांचा नंबर असतोच. पलीकडून एखादं पोरगं सांगतं की आमच्या कोपीमागे कोल्हा आला होता. इकडची सगळी पोरं कान लावून ऐकतात.

परत आल्यावर पहिल्या दिवशी चाचणी घेऊ नका. त्यांनी सहा महिने काय पाहिलं ते विचारा. एका गाडीत किती मोळ्या बसतात, टनाला काय भाव, वजनकाट्यावर गाडी भरलेली आणि रिकामी का मोजतात, हे त्या पोरांना पाठ असतं. मी वजाबाकी त्या काट्यावरूनच शिकवते. भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली की ऊस उरतो. त्या दिवशी वर्गाला शिकवणारं तेच पोरगं असतं, आणि वर्षभर गावात राहिलेली पोरं त्याच्याकडे तोंड वासून बघतात. चाचणी दुसऱ्या आठवड्यात घ्या, तोवर पेन्सिल हाताला सरावते.

पोरगं चौथीत गेलं तरी वाचता येत नाही. त्याला एक वर्ष मागे का ठेवत नाही?

कारण मागे ठेवलेलं पोरगं त्याच वर्गात, तेच पुस्तक, तशाच पद्धतीने परत न वाचता वाचतं. आणि धाकट्या भावाच्या शेजारी बसतं. दोन महिन्यांत शाळा सोडतं. नियम असा आहे की चौथीपर्यंत मागे ठेवता येत नाही. २०१९ मध्ये केंद्राच्या कायद्यात बदल झाला, त्यानुसार आपल्याकडे पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुरवणी परीक्षा, आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. म्हणजे चौथीतल्या पोराकडे अजून वेळ आहे, पण फार नाही.

आम्ही दिवसातला एक तास इयत्ता विसरतो. वाचण्याचे चार गट करतो: अक्षर ओळखणारे, शब्द वाचणारे, चार ओळींचा परिच्छेद वाचणारे, गोष्ट वाचणारे. दुसरीतली पोरगी गोष्टीच्या गटात असू शकते आणि चौथीतलं पोरगं शब्दांच्या. गटांना आकडे नाहीत, झाडांची नावं आहेत, आणि गट दर पंधरा दिवसांनी बदलतात. पंधरवड्याने आपण चिंचेतून आंब्यात जाऊ शकतो हे पोराला ठाऊक असलं की त्याला त्या गटाची लाज वाटत नाही. गट वर्षभर तोच राहिला तर त्याचं नाव काहीही ठेवा, पोरं त्याला ‘ढ’ गटच म्हणणार.

ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्या एखाद्या बाबतीत वर्गाचा आधार बनवा. आमच्याकडे विषयमित्र असतात, म्हणजे ज्याला जे येतं त्याने ते दुसऱ्याला शिकवायचं. न वाचणारं एक पोरगं सायकलचं पंक्चर काढायचं. मी त्याला पंक्चर कसं काढतात हे सांगायला लावलं, तो बोलला तसं फळ्यावर लिहिलं, आणि म्हटलं, आता वाच, हे तुझंच आहे. ट्यूब, पाना, ठिगळ, हवा. त्याने बोट ठेवून वाचलं. पुस्तक त्यानंतर महिन्याने आलं.

गुरुजी, मॅडम, दोन फटके द्या पण पोरगं शिकवा. आम्हीही मार खाऊनच शिकलो.

जे मार खाऊन शिकले ते हे सांगायला आले. जे मार खाऊन पळाले ते ऊस तोडतात, ते शाळेच्या फाटकाकडे बघत नाहीत.

कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद करतं. मानसिक छळ म्हणजे फक्त शिवी नव्हे. ‘तुझ्या भावासारखाच आहेस’, ‘तुमच्या लोकांना शिकून काय करायचंय’, असलं बोलणंही त्यातच येतं. हात न उचलणारे पण जिभेने सोलणारे शिक्षक मी पाहिलेत. कुठल्या शाळेत ते सांगत नाही, पण एका वर्षात तिथला पट निम्म्यावर आला होता.

शाळेत पंगतीला लेकरांना वेगवेगळं बसवतात का?

आमच्याकडे नाही. पण प्रश्न रास्त आहे आणि तो विचारायला तुम्हाला धीर करावा लागला, हेही मला कळतं.

पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा पोषण आहाराचा हिशेब आहे. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची, हा नियम. पण पंगतीचं खरं काम तराजूवर येत नाही. पोरं आपोआप बसतात तेव्हा गावाचा नकाशाच बसतो: ही आळी, ती आळी, कडेला तांडा, आणखी कडेला दोन घरं. कुणी सांगितलेलं नसतं, ते घरूनच आलेलं असतं. म्हणून आम्ही चिठ्ठ्या काढतो. फळांच्या चिठ्ठ्या, पेरू-पेरू एका ओळीत, बोर-बोर एका ओळीत, रोज नव्या. वाढायची पाळीही चिठ्ठीने. एकदा एक आजोबा तक्रार घेऊन आले की अमक्याच्या पोरीने आमच्या नातवाला वाढलं. मी म्हटलं, आजोबा, नातवाने दोनदा मागून घेतलं, त्याला विचारा. ते न बोलता निघून गेले. नातू रोज येतो.

शाळा व्यवस्थापन समितीत नाव आहे, पण फक्त सहीला बोलावतात. आमचं काम काय?

सही करण्याआधी वाचणं, हे पहिलं काम. समितीतले पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सचिव. अनुदान कुठे खर्च झालं, शिक्षक वेळेवर येतात का, कुठलं लेकरू शाळेबाहेर आहे, आहार नीट आहे का, हे विचारायचा अधिकार कायद्याने तुम्हाला आहे. शाळा विकास आराखडाही तुम्हीच करायचा.

आता आमच्या गावची खरी अडचण. यादीत बाईचं नाव असतं आणि बैठकीला नवरा येतो. ‘तिला काय कळतंय, मी आलो ना.’ मी चहा देते आणि परत पाठवते. दोनदा बैठक तहकूब झाली, तिसऱ्यांदा बाया आल्या. आल्या तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा: संडासाला पाणी नाही तर पोरी दुपारनंतर घरी का येतात हे विचारता कशाला? आधीच्या पुरुषांच्या बैठकांत तीन वर्षं कमानीच्या रंगावर चर्चा चालली होती.

पालकसभेला कुणी येतच नाही. काय करावं? (शिक्षकांचा प्रश्न)

मंगळवारी सकाळी ११ वाजता सभा ठेवायची आणि कुणी आलं नाही म्हणून पालकांना बेफिकीर म्हणायचं, हे बंद करा. त्यांची दिवसाची मजुरी बुडते. बचत गटाच्या बैठकीच्या दिवशी जा, संध्याकाळी साडेसातला तांड्यावर जा, मारुतीच्या पारावर बसा. बोलवणं पाठवताना ‘उपस्थित राहावे’ लिहू नका. पोरांकडून लिहून घ्या: ‘आई, उद्या मी गोष्ट वाचणार आहे.’

आणि वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरी काही चांगलं सांगायला जा. शिक्षक दारात आला की घरचे आधी पोराकडे रागाने बघतात. ‘काय केलंस?’ मी म्हणते, काही नाही केलं, काल याने सगळ्यांची भांडणं मिटवली, तेवढं सांगायला आले. चहा आपोआप येतो.

आम्हाला लिहिता-वाचता येत नाही. घरी अभ्यास कसा घ्यायचा?

घेऊ नका. दिवसा काय झालं ते विचारा आणि ऐका. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, कोडी, भुताच्या गोष्टी सांगा. बाजारातून आणलेल्या सामानाचा हिशेब लेकराकडून करून घ्या. रात्री पुस्तक उघडून समोर बसायला सांगा, वाचताना ते अडखळलं तरी तुम्हाला कळणार नाही, चालेल. तुम्ही ऐकताय हे त्याला कळतं.

लेकराला नीट चालता येत नाही. गावच्या शाळेत घेतील का?

घ्यावंच लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे, आणि त्यातल्या ठरलेल्या प्रमाणापुढच्या लेकरांना १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. अगदीच हलवता येत नसेल तर घरी शिकवायची तरतूद आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांची गाठ आम्ही घालून देऊ. उताराची जागा तर करूच, पण पहिल्या आठवड्यात मी पोरांना एवढंच सांगते की उचलू नका, विचारा. पोरं मायेपोटी उचलून नेतात आणि ज्याला उचललं त्याला ते आवडतं की नाही, कुणी विचारत नाही.

पोरीला चौथीनंतर पाठवायचं का? पुढची शाळा लांब आहे.

पाठवायचं. सायकलचं, सोबतीचं, एसटीच्या पासाचं आपण मिळून बघू. मागासवर्गीय आणि भटक्या विमुक्तांच्या गरीब घरच्या पोरींना हजेरीसाठी दिवसाला १ रुपया भत्ता १९९२ साली ठरला. तेव्हा त्या रुपयाला किंमत होती. आज रुपयासाठी कुणी पोरगी शाळेत येत नाही, मैत्रिणीसाठी येते. म्हणून चौथीतल्या पोरींना आम्ही एप्रिलमध्येच पुढच्या शाळेत घेऊन जातो, तिथल्या दोन मोठ्या पोरींशी ओळख करून देतो. जूनमध्ये त्या दोघी रस्त्यात थांबतात.

पिवळी गाडी गावात येते. पोराला इंग्रजी शाळेत घालावं का?

तुमचा पैसा, तुमचं पोर. दोनच गोष्टी बघा. इंग्रजी आमच्याकडेही पहिलीपासून आहे, २००० सालापासून. आणि त्या शाळेत जाऊन एकदा बघा, पोरगं तिथे प्रश्न विचारतं का, की फक्त कविता म्हणून दाखवतं. गाडी बघून ठरवू नका.

स्नेहसंमेलनात आमच्या पोराला कधीच घेत नाहीत.

आमच्याकडे सगळ्यांना घेतात, म्हणून कार्यक्रम लांबतो आणि सरपंच वैतागतात. दुसऱ्या शाळेत असाल तर समितीत विषय काढा. नाचणारी आठ पोरं आणि टाळ्या वाजवणारी साठ, हा खेळ बंद व्हायला हवा.

लेकराला शाळेत कुणी त्रास दिला, तर सांगायचं कुणाला?

आधी लेकराला सांगा की सांगितलंस ते बरं केलंस. मग आमच्याकडे या. आमचीच तक्रार असेल तर समितीच्या अध्यक्षांकडे, केंद्रप्रमुखांकडे, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. शाळेत तक्रारपेटी असते, २०२२ पासून सखी सावित्री समितीही असते. १०९८ हा लहान मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, दिवसरात्र चालतो. तो आम्ही पोरांकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतो. तो नंबर भिंतीवर उंच रंगवलेला पाहिला तर खाली उतरवायला सांगा. पहिलीतल्या पोराच्या डोळ्यांना दिसला पाहिजे.

सकाळी शाळा किती वाजता उघडते?

पोरं आमच्याआधी येतात, म्हणून फाटकाची एक किल्ली शेजारच्या मावशींकडे आणि एक चौथीच्या पोरांकडे पाळीने असते. या आठवड्यात ती तांड्यावरच्या एका मुलीकडे आहे. ती साडेआठलाच येऊन ओटा झाडते आणि धाकट्यांना लिंबाखाली गोरमाटीत कोडी घालत बसते. लवकर पाठवलंत तरी चालेल.